खोडव्याचा हंगाम : झहीर खान, २०११-१२

नगर जिल्ह्यात इतिहासावरचे व्याख्यान जाहीर झाले, की श्रोते दोन-तीन विषय मनाशी धरूनच सभागृहात येतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसविलेले शहर, मोगलांच्या वेढ्याला तोंड देणारी चांदबिबी, किंवा भुईकोट किल्ल्यातील नेहरूंचा बंदिवास. हे विषय थोरच आहेत आणि त्यांवर बोलणारे अधिकारी विद्वानही पुष्कळ आहेत. आम्ही आज एका गोलंदाजाच्या घोट्याविषयी बोलणार आहोत. कोणी हसेल तर हसू द्या. ज्या घटनेचे साल, तिथी, स्थळ व साक्षीदार निश्चित आहेत आणि जिच्यावरून माणसाविषयी काही शिकता येते, ती घटना इतिहासाच्या कक्षेत येते, मग ती रणांगणावर घडलेली असो की मैदानावर. शिवाय हा गोलंदाज आपल्या जिल्ह्यातला आहे. आणि त्याच्या ज्या एका हंगामाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याचा निकाल आपण सर्वांनी, आम्हीसुद्धा, फार घाईने लावला होता. ती चूक दुरुस्त करणे हे या व्याख्यानाचे प्रयोजन होय.

प्रथम गावाविषयी थोडेसे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यावरील बेलापूरचे स्थानक खरे पाहता नदीकाठच्या जुन्या बेलापूर गावासाठी होते. पुढे भंडारदऱ्याचे धरण झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी शेतांतून खेळू लागले, हरेगावला साखरेचा कारखाना उभा राहिला, आणि स्थानकाभोवती वाढलेल्या पेठेचे श्रीरामपूर झाले. कालवा, ऊस आणि आगगाडी या तिघांचे हे अपत्य. अशा गावात सर्व धर्मांची, जातींची व धंद्यांची माणसे एकत्र येतात. जुन्या गावगाड्याची बंधने तेथे सैल असतात. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी याच गावी झहीर खानचा जन्म झाला. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. घर मुसलमानाचे, शाळा मराठी, आणि बोलणे आपल्या सर्वांसारखे नगरी. मुलगा अभ्यासात बरा होता, अभियंता होण्याच्या वाटेवर होता. देशात अभियंते पुष्कळ आहेत, तू द्रुतगती गोलंदाज हो, असा सल्ला वडिलांनीच दिला व ते त्याला घेऊन मुंबईला गेले, ही हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे किती बाप असे म्हणतील, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या घरी करावा.

मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लब व प्रशिक्षक सुधीर नाईक, त्यानंतर मद्रासची एम.आर.एफ. पेस फाउंडेशन व तेथील डेनिस लिली, मग बडोद्याकडून रणजी, असा त्याचा प्रवास झाला. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला तो भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची यष्टी त्याने थेट पायात टाकलेल्या चेंडूने उडविली, तेव्हा लोकांनी हे नाव लक्षात ठेवले. पुढच्या महिन्यात ढाक्याला तो कसोटी खेळला. बांगलादेशाचा तो पहिलाच कसोटी सामना होता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. द्रुतगती गोलंदाजी हा शरीराशी केलेला एक कठीण करार आहे. गोलंदाज धावत येतो, उडी घेतो आणि सगळा वेग पुढच्या एका पायावर थांबवितो. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. झहीर डावखुरा, म्हणून हा भार त्याच्या उजव्या पायावर, उजव्या घोट्यावर पडे. घोट्याने आखडता हात घेतला, की गुडघा व मांडी अधिक राबतात. मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेला, की पाठ व खांदा अधिक राबतात. शेतातील एखाद्या चारीला गळती लागली, की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तसेच हे आहे. दुखणे एका जागी दिसते; त्याचे मूळ दुसऱ्या जागी असते. कसोटीतील एका दिवसात अशी वीस षटके टाकणारा माणूस एकशेवीस वेळा या कराराखाली सही करतो.

हा करार झहीरच्या शरीराने अनेकदा मोडला. ते सर्व प्रसंग येथे सांगण्याची गरज नाही, चार सांगतो. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला त्याने ९५ धावांत ५ ऑस्ट्रेलियन बाद केले आणि त्याच दौऱ्यात मांडीच्या स्नायूने दगा दिला. पुढच्या ॲडलेडच्या सामन्यात त्याच्या जागी बडोद्याचाच दुसरा डावखुरा, इरफान पठाण, प्रथमच खेळला. भारताने तो सामना जिंकला व झहीर मेलबोर्नला परतला तो पूर्वीचा झहीर नव्हता. डिसेंबर २००७ मध्ये मेलबोर्नलाच त्याने पहिल्या डावात ४ गडी बाद केले आणि टाचेच्या दुखण्याने उरलेला दौरा गमावला. २००९ च्या उन्हाळ्यात खांदा निखळला व शस्त्रक्रिया करावी लागली. चौथा प्रसंग २०११ चा. त्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

पण त्याआधी एक टप्पा सांगणे अवश्य आहे, कारण पुढचा सगळा अर्थ त्यावर अवलंबून आहे. २००३ च्या दुखापतीनंतरची दोन वर्षे झहीरला फार खडतर गेली. संघात येणे, बाहेर जाणे, पुन्हा येणे, असे चालले होते. २००६ च्या प्रारंभी पाकिस्तानच्या दौऱ्यानंतर त्याला वगळण्यात आले. नवे गोलंदाज आले होते आणि जुन्याचे नाव मागे पडत होते. अशा वेळी तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्याकडून खेळावयास गेला. तेथे रोज सामना, रोज प्रवास, थंड हवा व ओलसर खेळपट्टी. पहिल्याच सामन्यात सॉमरसेटविरुद्ध त्याने १० गडी बाद केले. एसेक्सविरुद्ध एकाच डावात ९ बाद केले. हंगामाअखेर त्याच्या नावावर ७८ बळी होते. परंतु बळींपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी. तेथे त्याने धावपट्टी आखूड केली, उडी कमी केली आणि वेगापेक्षा हाताच्या व मनगटाच्या कसबावर विश्वास ठेवावयास तो शिकला. जो गोलंदाज श्रीरामपुराहून केवळ वेगाच्या बळावर निघाला होता, तो वूस्टरहून बुद्धीच्या बळावर परतला. २००७ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने तीन कसोटींत १८ बळी घेतले, त्यांतील ९ नॉटिंगहॅमच्या एकाच सामन्यात. तो सामना आपण जिंकला व त्याबरोबर मालिकाही. पुढील वर्षी विस्डेनने त्याला वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंत गणले.

तात्पर्य, दुखापतीनंतर परतणे ही गोष्ट झहीरला नवी नव्हती. २०११ साली प्रश्न एवढाच होता, की तेहतिसाव्या वर्षी ती पुन्हा साधेल काय?

त्या वर्षाचा आरंभ भव्य झाला. विश्वचषक स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने ते सर्वांत अधिक होते. २ एप्रिल रोजी वानखेडे मैदानावर अंतिम सामना झाला. श्रोत्यांनी तो पाहिलाच आहे, तरी झहीरचे आकडे पुन्हा ऐकावेत. पहिली ५ षटके, त्यांत ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. एकूण १० षटकांत ६० धावा, २ बळी. म्हणजे उरलेल्या ५ षटकांत ५४ धावा निघाल्या. एकाच दुपारी, एकाच हाताने. लोकांनी पहिली ५ षटके लक्षात ठेवली, कारण आपण जिंकलो. २००३ च्या अंतिम सामन्यात, २३ मार्च रोजी जोहान्सबर्गला, त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा निघाल्या होत्या. लोकांनी ते षटकच लक्षात ठेवले, कारण आपण हरलो. त्या स्पर्धेत त्याने १८ बळी घेतले होते, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. निकालाच्या प्रकाशात कर्तृत्व मोजण्याची ही खोड आपणांस किती जडली आहे, हे या दोन उदाहरणांवरून दिसेल.

विश्वचषकानंतर सहाच दिवसांनी आय.पी.एल. सुरू झाली. झहीर बंगळूरच्या संघाकडून खेळला. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर मात्र तो गेला नाही. २१ जुलै २०११ रोजी लॉर्ड्सवर इतिहासातील दोन हजाराव्या कसोटीला आरंभ झाला, त्या दिवशी नवा चेंडू त्याच्या हाती होता. त्याने कुकला पायचीत केले, स्ट्रॉसला झेलबाद केले. १३ षटके व ३ चेंडू, ८ निर्धाव, १८ धावा, २ बळी. हे आकडे एखाद्या सुरेख कोरीव कामासारखे वाटतात. आणि चौदाव्या षटकाच्या तीन चेंडूंनंतर तो थांबला, मांडीच्या मागे हात लावला आणि मैदान सोडून गेला. त्या डावात पुढे यष्टिरक्षक धोनीने पॅड सोडून स्वतः गोलंदाजी केली, आणि द्रविड यष्टींमागे उभा राहिला. एका माणसाच्या मांडीमुळे अख्ख्या संघाची घडी कशी विस्कटते, याचे याहून स्पष्ट चित्र सापडणार नाही. नंतर नॉर्थम्प्टनच्या सराव सामन्यात त्याने पुन्हा प्रयत्न केला; तोही थोड्याच षटकांत सोडावा लागला. मालिका आपण ०-४ अशी हरलो. झहीर घरी परतला नाही. तो शस्त्रक्रियेसाठी गेला. उजव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली.

लॉर्ड्सपर्यंत तो ७९ कसोटी सामने खेळला होता व त्याचे २७३ बळी होते. हा आकडा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता तो हंगाम. नोव्हेंबरात मुंबईकडून रणजी सामन्यांत खेळून झहीरने घोट्याची परीक्षा घेतली आणि डिसेंबरात तो ऑस्ट्रेलियाला गेला. २६ डिसेंबर २०११, मेलबोर्न. ऑस्ट्रेलियाचा डाव सावरत असताना कर्णधार क्लार्कने चेंडू आपल्याच यष्टींवर ओढून घेतला; पुढच्याच चेंडूवर हसी यष्टींमागे झेल देऊन बाद ठरला. हसीच्या बॅटीला चेंडू लागला नव्हता, हे नंतर चित्रफितीत दिसले. पण पंचांचा निर्णय तो निर्णय. पहिल्या डावात ७७ धावांत ४, दुसऱ्यात ५३ धावांत ३. पाच महिन्यांपूर्वी मैदानातून लंगडत गेलेल्या माणसाने पहिल्याच कसोटीत ७ बळी घेतले. तो सामना आपण १२२ धावांनी हरलो, पण परतलेल्या गोलंदाजाविषयी कोणास शंका उरली नाही.

चारच दिवसांच्या विश्रांतीनंतर, ३ जानेवारीला, सिडनीचा सामना सुरू झाला. आपला डाव १९१ धावांत आटोपला आणि त्याच दिवशी झहीरला पुन्हा चेंडू हाती घ्यावा लागला. वॉर्नर ८, मार्श पहिल्याच चेंडूवर शून्य, कोवन १६. ऑस्ट्रेलिया ३ बाद ३७, आणि तिन्ही बळी झहीरचे. त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या कोणास असे वाटले नसेल, की पुढचे दोन दिवस आपल्या नशिबी काय लिहिले आहे? पाँटिंग व क्लार्क यांनी २८८ धावांची भागी केली. पाँटिंग १३४ वर बाद झाला. मग क्लार्क व हसी यांनी ३३४ ची अभंग भागी केली. क्लार्क नाबाद ३२९. ऑस्ट्रेलिया ४ बाद ६५९. दीडशेहून अधिक षटके क्षेत्ररक्षण झाले. जे ४ गडी बाद झाले त्यांतील ३ झहीरचे, तरी त्याच्या नावापुढे १२२ धावा लागल्या. पहिल्या तासाचा झहीर व तिसऱ्या दिवसाचा झहीर हे जणू दोन निराळे गोलंदाज होते. पहिल्याचा चेंडू उशिरा वळे. दुसऱ्याचा चेंडू वळण्यापूर्वीच फलंदाजाला दिसे.

पर्थ व ॲडलेड या पुढच्या दोन सामन्यांत मिळून त्याला ५ बळी मिळाले. पर्थला वॉर्नरने १८० काढल्या, ॲडलेडला पाँटिंगने २२१ व क्लार्कने २१०. ही मालिकाही ०-४ अशी गेली. लागोपाठच्या दोन परदेश दौऱ्यांत आठ पराभव. वृत्तपत्रांनी, चहाच्या दुकानांनी व आमच्यासारख्या टीकाकारांनी निकाल देऊन टाकला, की झहीर संपला, एका षटकापुरता गोलंदाज उरला, वय झाले, घोटा गेला. आम्ही स्वतः हे वाक्य एका मित्रमंडळीत मोठ्याने उच्चारले होते, हे येथे कबूल करतो.

आता आकड्यांना विचारू. त्या मालिकेत भारताकडून सर्वाधिक बळी कोणाचे? झहीरचे, १५. सरासरी ३१.८०. उमेश यादवचे १४, अश्विनचे ९, इशांत शर्माचे ५, आणि या तिघांचीही सरासरी झहीरहून महाग. मग दोष कोठे होता? आपल्या फलंदाजांचे आठ डाव पाहा : २८२, १६९, १९१, ४००, १६१, १७१, २७२, २०१. आठांत एकदाच तीनशेच्या वर. संपूर्ण मालिकेत भारताचे एकच शतक, ॲडलेडला कोहलीने काढलेले ११६. फलंदाज दिवसभरही टिकत नाहीत, तेव्हा गोलंदाजाला पाय पसरून बसण्यासही वेळ मिळत नाही. ज्याच्या घोट्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्याला तर विश्रांती हेच औषध. ते औषध त्याला त्याच्याच सहकाऱ्यांनी मिळू दिले नाही. आणि पराभवाचे खापर फोडताना आम्ही बोट दाखविले ते गोलंदाजाच्या वयाकडे.

आम्ही झहीरचे वकीलपत्र घेऊन आलेलो नाही. त्याच्या बाजूने जे सांगता येईल ते सांगितले, आता विरुद्ध बाजूचेही सांगितले पाहिजे. हंगाम असमान होता, हे नि:संशय. पहिल्या कसोटीत ७ बळी, शेवटच्या तीन कसोटींत मिळून ८. सकाळच्या पहिल्या षटकांत धार, संध्याकाळी नाही. नव्या चेंडूने भय, जुन्या चेंडूने कष्ट. क्षेत्ररक्षणात तो जड झाला होता. पुढे २०१२ च्या अखेरीस इंग्लंडचा संघ येथे आला तेव्हा तीन कसोटींत त्याला ४ च बळी मिळाले आणि कोलकात्याच्या सामन्यानंतर त्याला वगळण्यात आले. ते वगळणे अन्यायाचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की असमान हंगाम म्हणजे संपलेला गोलंदाज असा अर्थ होत नाही. दुखापतीतून उठलेल्या शरीराचा हंगाम असमानच असावयाचा. तसा तो नसता तरच आश्चर्य.

याचे एक उदाहरण परदेशचे देतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणारा, ज्याला ते पिचर म्हणतात, तो आपल्या गोलंदाजासारखाच सामन्याचा कणा असतो. टॉमी जॉन नावाचा असा एक डावखुरा होता. १९७४ साली त्याच्या कोपराचा बंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हातातील कंडरा काढून ती तेथे बसविली. अशी शस्त्रक्रिया तोवर कोणी केली नव्हती. १९७५ चे सबंध वर्ष तो खेळला नाही. १९७६ मध्ये परतला तेव्हा त्याच्या नावावर १० विजय व १० पराभव लागले. जमाखर्च बरोबर, शिल्लक शून्य. त्या वर्षाअखेर एखाद्याने त्याचा निकाल लावला असता, तर लोकांनी मान डोलाविली असती. पुढच्याच वर्षी त्याने २० सामने जिंकले आणि १९८९ पर्यंत तो खेळत राहिला. झहीरचा गुरू डेनिस लिली याचेही असेच. १९७३ साली त्याच्या पाठीच्या मणक्यात तडे गेले. पुष्कळांनी त्याला निरोप देऊन टाकला होता. १९७४-७५ मध्ये इंग्लंडविरुद्ध त्याने २५ बळी घेतले.

परंतु परदेशी उदाहरणांची आपल्याला गरज काय? प्रवरेच्या काठी ऊस लावणारा प्रत्येक शेतकरी हे तत्त्व जाणतो. लावणीचा ऊस तुटला, की त्याच बुडख्यांतून जो दुसरा ऊस फुटतो त्याला आपण खोडवा म्हणतो. खोडवा उगवतो लवकर, पण सारखा उगवत नाही. कोठे दाट फुटवे, कोठे नांग्या. शहाणा शेतकरी महिन्याभरात त्याच्यावर नांगर फिरवीत नाही. तो बुडखे जमिनीलगत छाटतो, बगला फोडतो, नांग्या भरतो, पाण्याचे आवर्तन चुकू देत नाही आणि वाट पाहतो. लावणीइतका उतारा येणार नाही हे त्याला ठाऊक असते. तरी जो येतो तो खराच असतो. त्याचीही साखर गोडच होते. झहीरचा २०११-१२ चा हंगाम हा खोडवा होता. आम्ही त्याला लावणीच्या मापाने मोजले, ही आमची चूक.

या खोडव्याचा उतारा किती पडला, तो आता मोजू. २०१३ च्या उन्हाळ्यात झहीर युवराजसिंगासह फ्रान्समधील ब्रीव्ह या गावी जाऊन सहा आठवडे शरीर घडवीत राहिला. पस्तिशीच्या उंबरठ्यावरील, विश्वचषक जिंकलेला, नाव व पैसा मिळविलेला माणूस हे का करतो? आमच्या मते, आपला शेवटचा हंगाम दुसऱ्यांनी ठरवू नये, एवढ्याचसाठी. मग तो भारत ‘अ’ संघाकडून खेळला, मुंबईकडून रणजी खेळला आणि डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निवडला गेला. १८ डिसेंबरला जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर सामना सुरू झाला. हे तेच मैदान, जेथे २००३ चे ते पंधरा धावांचे षटक पडले होते. पहिल्या डावात त्याने ८८ धावांत ४ बळी घेतले. दुसऱ्या डावात जॅक कॅलिसला पायचीत केले आणि त्याचे ३०० बळी पूर्ण झाले. भारताचा तो चौथा असा गोलंदाज, आणि द्रुतगती गोलंदाजांत कपिलदेवनंतरचा दुसरा. त्याच डावात त्याच्या गोलंदाजीवर १३५ धावा निघाल्या व मिळाला तो एकच बळी. हंगाम याही वेळी असमान. पण तो एक बळी कोणता होता पाहा!

येथे आपल्या जिल्ह्याने अभिमान धरावा अशी एक गोष्ट आहे आणि ती फारशी कोणी बोलत नाही. त्या अकरा जणांत संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे ६ जून १९८८ रोजी जन्मलेला अजिंक्य रहाणे होता. एका कसोटी संघात आपल्या जिल्ह्याचे दोन खेळाडू, आणि दोन्ही गावे प्रवरेच्या खोऱ्यातली. जोहान्सबर्गपासून पुढचे चारही कसोटी सामने हे दोघे एकत्र खेळले. चौथा सामना फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यूझीलंडला वेलिंग्टन येथे झाला. त्यात रहाणेने ११८ धावा काढल्या, हे त्याचे पहिले कसोटी शतक. आणि झहीरची ती शेवटची कसोटी ठरली. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात न्यूझीलंड ५ बाद ९४ असताना विजय आपल्या हातात दिसत होता. मग मॅक्युलम व वॉटलिंग उभे राहिले. मॅक्युलमने ३०२ धावा काढल्या. त्या प्रचंड डावात पस्तिशी ओलांडलेल्या झहीरने ५१ षटके टाकली, १३ निर्धाव, १७० धावा, ५ बळी. मॅक्युलमला अखेर त्यानेच बाद केले. ज्याचा घोटा गेला म्हणून आपण दोन वर्षांपूर्वी निकाल दिला होता, त्याने त्याच घोट्यावर एका डावात तीनशेहून अधिक वेळा शरीर झोकून दिले. सामना अनिर्णित राहिला. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. २०२० मध्ये त्याला पद्मश्री मिळाली.

एकूण ९२ कसोटी, ३११ बळी. लॉर्ड्सपर्यंतचे २७३ वजा करा. शस्त्रक्रियेनंतरच्या १३ कसोटींत ३८ बळी उरतात. पूर्वी दर कसोटीस साडेतीनच्या आसपास, नंतर तीनला किंचित कमी. लावणीच्या उताऱ्याच्या साधारण पाच-षष्ठांश. कोणताही बागायतदार या खोडव्याला वाईट म्हणणार नाही. आणि हे ३८ नसते, तर तीनशेचा आकडाही नसता.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. नगरच्या, श्रीरामपूरच्या, संगमनेरच्या मैदानांवर आज शेकडो मुले चेंडू घेऊन धावत येतात. त्यांपैकी कोणाचा घोटा, कोणाची पाठ आज ना उद्या दुखणार आहे. तेव्हा त्याच्याभोवतीची माणसे, म्हणजे आपणच, दोन चुका करतो. पहिली, दुखत असताना खेळ म्हणतो. न खेळणे हा भित्रेपणा ठरवितो. दुसरी, विश्रांती घेऊन तो परतला व त्याचे पहिले चार सामने उंच-सखल गेले, की तो संपला म्हणतो. पहिल्या चुकीने शरीर मोडते, दुसरीने मन. शरीर वैद्य सांधतो. मन सांधणारा वैद्य गावात सापडेलच असे नाही. झहीरपाशी मुंबई होती, वूस्टर होते, मोठ्या शस्त्रवैद्यांची सोय होती, आणि मुख्य म्हणजे अभियंता होऊ नको असे सांगणारा बाप होता. आपल्या गल्लीतील मुलापाशी यांतील एकही गोष्ट नसेल. त्याच्यापाशी असेल ती फक्त आपली जीभ, आणि ती त्याच्या बाजूने वापरावयाची की विरुद्ध, हे आपल्या हाती आहे.

हे खेळापुरतेच आहे असे मात्र कोणी समजू नये. आजारातून उठून शाळेत परतलेली शिक्षिका, अपघातानंतर पुन्हा कारखान्यात रुजू झालेला कामगार, नापिकीनंतर पुन्हा पेरणी करणारा शेतकरी, या सर्वांचे पहिले वर्ष असमानच असते. काही दिवस जुन्यासारखे, काही दिवस नको तसे. अशा माणसाचा निकाल लावण्याचा मोह आवरावा आणि निदान एक हंगाम वाट पाहावी, एवढीच विनंती आहे. २०१२ च्या जानेवारीत आम्हांस ते साधले नाही. त्या चुकीची भरपाई म्हणून हे व्याख्यान.